आवाज: घरचा

४ फेब्रुवारी

वहिनी,

पस्तीस सेकंदांचा एक आवाज आम्हाला फुकट मिळाला. त्याला आजपर्यंत काय पडलं ते आधी सांगतो. वकिलाकडे एक खेप झाली. ब्लडप्रेशरची सकाळची गोळी अर्धी होती ती अख्खी झाली. आमच्या संकलक मुलीशी आठवडाभर अबोला आहे. आणि घरात 'लिफ्ट' हा शब्द काढायचा नाही असं तुमच्या जाऊबाईंनी फर्मान काढलंय. मूळ बिल अजून यायचंय.

हे मेलवर लिहिता आलं असतं. पण मेल एका बोटाने पुढे ढकलता येतो, कागदाला निदान पाकीट लागतं. शिवाय तुमचं आयुष्य मुद्रितशोधनात गेलं, बारीक अक्षरातली कलमं तुम्ही चवीने वाचता. मी ठळक अक्षरसुद्धा सही करायच्या जागेपुरतंच वाचतो, हे तुम्हाला माहीत आहे.

लिफ्ट बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचं काम मिळालं तेव्हा मी फोनवर तुमचं तासभर डोकं खाल्लं होतं, आठवत असेल. दहा छोट्या फिल्म्स, तीन वर्षांचा करार. स्टुडिओचं भाडं आणि सहा माणसांचे पगार त्यावर उभे आहेत. पहिली फिल्म 'लिफ्ट अडकली तर' अशी. एक बाई लिफ्टमध्ये एकटी, दिवा मिणमिणतो, लिफ्ट थांबते. बाई ओरडत नाही, दार उचकटत नाही. घंटीचं बटण दाबते आणि खाली बसून वाट बघते. मागे एका पुरुषाची संथ गुणगुण, शब्द नाहीत, आणि तिला लाकडी ठोक्यांची साथ. काचेसारखा स्वच्छ आवाज. कंपनीतले लोक बघताना गप्प झाले. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी दाद नसते. फिल्म इमारतींच्या तळमजल्यांवर लागली.

आणि मग एका बाईचा मेल आला. ती कुठेतरी लांब राहते, लाकडी ठोकळ्यांवर ताल धरते म्हणे. मी तिला ठोकेवाली म्हणतो. लिहिते, तुमच्या फिल्ममध्ये माझे ठोके ऐकले, फार आनंद झाला. पण आमची नावं दिसली नाहीत आणि शेवटी 'सर्व हक्क राखीव' अशी पाटी आहे. हा आवाज कॉपीलेफ्ट परवान्याखालचा आहे, तेव्हा फिल्मही त्याच परवान्याखाली खुली करायला हवी. सवडीने कळवाल का? खाली शुभेच्छा.

वहिनी, इतकं गोड बोलणारा माणूस मी आजवर फक्त वसुलीला आलेला पाहिलाय.

शोध घेतला तर कळलं की हिने नुसते ठोके घातलेत. मूळ गुणगुण इंटरनेटवर टाकली ती 'जिन्याखाली' असं नाव घेतलेल्या कुणीतरी. खरं नाव नाही, फोटो नाही. असं नाव घेणारा माणूस उजेडात धंदा करत असेल असं मला वाटत नाही.

आता आमच्या घरचा भेदी. संकलन करणारी मुलगी, सगळे तिला कात्री म्हणतात. हात सफाईदार, तोंड बंद. कंपनीच्या हमीपत्रात प्रत्येक चित्र आणि आवाज कुठून आणला ते लिहायचं असतं. तिने लिहिलं, 'आवाज: घरचा.' मी सही केली. वाचून केली असं सगळ्यांना सांगितलंय. तिला बोलावून विचारलं, "घरचा म्हणजे काय गं?" तर म्हणते, "घरचाच की, साहेब," आणि हसली. इंटरनेटवरून उचललेला माल घरचा म्हणून लिहायचा आणि वर हसायचं. या मुलीवर मी डोळे झाकून विस्वास टाकला.

तुम्ही म्हणाल, तुमचे कान कुठे गेले होते? कान जागेवर आहेत. भोंगे दुरुस्त करायच्या दुकानातून मी इथवर आलो तो या कानांच्या जोरावर. दहा माणसं ओळीने खोकली तर पाठमोरा उभा राहून कोणाचा खोकला कुठला ते सांगेन. फोनवरच्या नुसत्या 'हॅलो'वरून मला कळतं, समोरचा पैसे द्यायला बोलतोय की मागायला. आमच्या स्टुडिओत काम चालू असताना कुणी शिट्टी वाजवलेली किंवा गुणगुणलेलं मी खपवून घेत नाही, दारावर तशी पाटी आहे. माझ्या कानांना कुणी फसवलेलं नाही. फसवलंय ते कागदाने.

तर मला सांगा, कॉपीलेफ्ट ही काय भानगड आहे? कॉपीराइट ऐकून होतो. ही डावखुऱ्यांसाठी वेगळी काढलीय का? आणि माझी फिल्म आता माझी आहे की गावाची?

तुमचा धाकटा दीर


९ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र पोचलं. 'विश्वास'मध्ये श आहे. मी या घरात आले तेव्हापासून तो शब्द तुम्ही असाच लिहिता. अक्षर येत नाही की वस्तूच ओळखीची नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डावखुऱ्यांचा काही संबंध नाही. कुणीतरी थट्टेने नाव पाडलं आणि ते चिकटलं. कॉपीराइट म्हणजे विचारल्याशिवाय हात लावू नका. कॉपीलेफ्ट म्हणजे हात लावा, कापा, जोडा, हवं तर विका, विचारायला येऊ नका. फक्त ज्याचं घेतलंत त्याचं नाव सांगा, आणि त्यातून जे नवं कराल ते पुढच्यालाही याच अटीवर घेऊ द्या. कुणीतरी दार उघडं ठेवलं म्हणून तुम्ही आत आलात. जाताना बाहेरून कडी घालायची नाही, एवढंच मागणं आहे. तुम्ही कडी घातलीत आणि वर 'सर्व हक्क राखीव' अशी पाटी ठोकलीत.

तुम्ही तिथे 'फुकट' वाचलंत. लिहिलेलं 'मुक्त' असणार. प्रूफ माझ्याकडे आलं असतं तर समासात खूण केली असती.

घाबरू नका, फिल्म आपोआप गावाची झालेली नाही. तुमच्याकडून अट मोडली गेली, इतकंच झालंय. चित्राच्या मापाने आवाज बसवला की ते नवं काम धरतात, म्हणून अट फिल्मलाही लागते. आता एक तर आवाज काढून टाका. नाहीतर नावं द्या आणि ती एक फिल्म त्याच परवान्याखाली खुली करा, बाकीच्या नऊंना काही होत नाही. किंवा ज्यांनी ज्यांनी त्या आवाजात हात घातलाय त्या सगळ्यांकडून वेगळी परवानगी मिळवा. यातलं काहीही करायला वकिलापेक्षा आधी कंपनीकडे जावं लागेल, आणि तेच तुम्हाला जड जातंय असं दिसतं.

ठोकेवालीला दोन ओळींचं उत्तर पाठवा. तिने गोड लिहिलं कारण तिला आनंद झाला. लोकांना कधीकधी नुसता आनंद होतो, भाऊजी.

त्या मुलीशी बोला. सहा माणसांच्या जागेत आठवडाभर अबोला म्हणजे बाकीच्या चौघांना शिक्षा.

गुणगुण स्वच्छ ऐकू येते म्हणता. मागचा पंखा काढून टाकायला कुणाला तरी बरीच खटपट पडली असणार. एक विचारते. तो आवाज तुम्ही नीट ऐकलात का? कामाच्या घाईत नाही, बसून?

वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

बसून ऐकला. दार लावून, हेडफोन लावून, तुमच्या सांगण्यावरून. माझं मत ऐका.

माणूस तेव्हा तरुण होता, पण साधा नव्हता. तोंडात काहीतरी धरून गुणगुणतो, बहुतेक विडी. श्वास नाकाने सोडतो, मनात आकडेमोड करणाऱ्यासारखा. वरचा सूर आपल्याला लागत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तिथे आला की खालून वळसा घालून पुढे जातो आणि जणू हेच करायचं होतं असा आव आणतो. लबाड माणूस. असा माणूस समोर बसून गोड बोलेल, तुमचा चहा पिईल आणि निघताना तुमचीच छत्री घेऊन जाईल. कधी भेटला तर पहिल्या हुंकारात ओळखीन.

आता पुढचं ऐका, म्हणजे माझा संशय उगाच नाही हे पटेल. आमच्यासारखंच काम करणारा एक आहे, घरातही काळा चष्मा काढत नाही म्हणून त्याला गॉगल म्हणतात. लिफ्टचं काम त्याच्या तोंडचं मी काढलं होतं. त्याने काल आपली एक जाहिरात टाकली, तिच्यात आमची बाई आमच्या लिफ्टमध्ये बसलेली. चक्क आमची दृश्यं. फोन केला तर म्हणतो, "तुमच्या फिल्ममध्ये कॉपीलेफ्टचा आवाज आहे, म्हणजे फिल्म सगळ्यांची. वाचत जा जरा." मला, वाचत जा. त्याला हे कळलं कसं? आवाजाबद्दल ठोकेवालीला माहीत, मला माहीत, वकिलाला माहीत आणि कात्रीला माहीत. वकिलाला मी पैसे देतो. ठोकेवाली दूर आहे. उरलं कोण?

कात्रीला परत विचारलं. या वेळी हसलीही नाही. म्हणाली, "साहेब, तुम्हाला उघड बोलायचं नसेल तर मी कुणाला काही बोलणार नाही." ही भाषा बघा. माझंच काहीतरी झाकून ठेवायचा मोठेपणा ती करतेय. तिने तो आवाज फिल्ममध्ये घुसवला, ठोकेवालीने ताल धरला, गॉगलने जाळं ओढलं, असं चित्र माझ्यापुढे उभं आहे. एकच कोपरा भरायचा राहिलाय, तो जिन्याखालचा माणूस.

आणि तो भरायला तुमचंच पत्र कामी येतंय. तुम्ही लिहिता, मागचा पंखा काढायला खटपट पडली असणार. वहिनी, पंख्याचं मी लिहिलं नव्हतं. आवाज स्वच्छ आहे एवढंच लिहिलं होतं. मागे पंखा होता हे मला माहीत नाही, ठोकेवालीला माहीत नसेल, फिल्म बघणाऱ्या कुणालाच माहीत असायचं कारण नाही. तुम्हाला कसं माहीत?

रागाने विचारत नाही. पण उत्तर द्या.

धाकटा


२० फेब्रुवारी

भाऊजी,

कानाचं माहीत नाही, पण तुमचे डोळे अजून चांगले आहेत.

जिन्याखाली मी आहे.

तुमचे दादा गेल्यावर तुम्ही आलात, सगळं निस्तरलंत, बँकेची कामं केलीत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. पण जिन्याखालची टेपची खोकी बघून तुम्ही हमालाला म्हणालात, "हे भंगार पहिल्या खेपेला." मी आत स्वयंपाकघरात होते. हमाल निघून गेला कारण मी मागच्या दाराने त्याला पैसे देऊन परत पाठवला. तुम्हाला वाटलं तो फसवून पळाला. त्याच्यावरही तुम्ही संशय घेतलात.

निवृत्त झाल्यावर मी त्या टेपा एकेक ऐकायला लागले. यांनी आयुष्यभर काय केलं तर बेसिनचा नळ, शेजारच्यांचं भांडण, शिलाईमशीन, गॅसवर ठेवलेलं दूध वर येतानाचा आवाज, असं टिपत राहिले. मी त्यातला पंखा, खरखर, खुर्चीची करकर काढायला शिकले. प्रूफातल्या चुका काढण्यापेक्षा फार वेगळं नाही ते. मग एकेक इंटरनेटवर ठेवत गेले.

परवाना मी समजून निवडला. नुसतं 'घ्या' म्हटलं असतं तर एखाद्याने घेऊन कुलपात घातलं असतं आणि उद्या मलाच सांगितलं असतं की हे आमचं आहे. तुमच्या दादांनी आयुष्यात कशालाच कुलूप लावलं नाही, सायकललासुद्धा नाही. तीन गेल्या. त्यांच्या वस्तूला दुसऱ्याचं कुलूप लागलेलं मला बघवलं नसतं. तो दुसरा माझा दीर निघेल हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

पहिल्या पत्रालाच का सांगितलं नाही म्हणाल. तुम्ही आवाज काढून टाका म्हणाला असतात. आणि खरं सांगू, तुम्ही काय काय लिहिता ते वाचायचं होतं.

आता कामाचं. तुम्हाला वाटेल, वहिनीच निघाली, एक कागद देईल आणि सुटलो. मी एकटी तुम्हाला सोडवू शकत नाही. तुमच्या फिल्ममधला आवाज माझा नुसता नाही, त्यात ठोकेवालीचे हात आहेत, आणि तिने माझ्या अटीवर विसंबून काम केलंय. माझ्या घरच्या माणसासाठी मी तिच्या मागून कडी घालू? ते माझ्याने होणार नाही. तुम्ही आवाज काढा किंवा फिल्म खुली करा. रागावलात तर रागवा.

गॉगल चुकीचं बोलतो. तुम्ही स्वतः खुली केल्याशिवाय फिल्म खुली होत नाही. त्याला आवाजाचं कळलं कारण मी आवाज ठेवते त्या पानावर ठोकेवालीने कौतुकाने लिहून ठेवलंय की 'माझे ठोके एका लिफ्टमध्ये पोचले'. ते कुणीही वाचू शकतं. त्या मुलीचा त्यात हात नाही.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

मधले दिवस लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते तुम्ही जपून ठेवलं असतंत.

हमालाबद्दल मी त्याला पाठवणाऱ्या दुकानदाराला जाऊन बोललो होतो. त्याचं काम सुटलं नसावं अशी आशा करतो. तुम्ही मागच्या दाराने पैसे दिलेत आणि मी पुढच्या दाराने शिव्या. असो.

कंपनीत गेलो. तिथे करार बघणाऱ्या एक बाई आहेत, कायदेबाई म्हणू. टेबलावर एक कागद नाही, कपसुद्धा नाही. सगळं सांगितलं. त्यांनी हमीपत्र काढलं, बोट 'आवाज: घरचा' यावर ठेवलं.

"ही सही तुम्ही वाचून केली होती का?"

"बाई, चष्मा विसरलो होतो."

"तुम्ही चष्मा लावत नाही."

"म्हणूनच."

त्या हसल्या नाहीत. पण करार फाडलाही नाही. म्हणाल्या, लिफ्ट अडकल्यावर काय करायचं हे जितक्या जास्त लोकांनी बघितलं तितकं आम्हाला बरं, ही एक फिल्म खुली करायला माझी हरकत नाही. बाकीच्या नऊ मात्र कडीकुलपात. मी म्हटलं, देव भलं करो. तर म्हणाल्या, थांबा. घरचा म्हणून एकदा फसवलंत, आता ज्याचा ज्याचा आवाज आहे त्याची सही आणा. टेप ठेवणाऱ्या बाईंची, ठोके देणाऱ्या बाईंची, आणि गुणगुणणाऱ्याची. तो माणूस उद्या येऊन उभा राहायला नको. महिनाअखेरपर्यंत तिन्ही सह्या आल्या नाहीत तर दहाच्या दहा फिल्म्सचा करार रद्द.

गॉगलला त्यांनी दोनच ओळी कळवल्या. फिल्म लवकरच खुली होतेय, दृश्यं खुशाल घ्या, फक्त तुमची जाहिरातही त्याच अटीवर खुली करा आणि आमचं नाव ठळक द्या. त्याने दुसऱ्या दिवशी जाहिरात उतरवली. तुमचं ते डावखुरं प्रकरण दोन्ही बाजूंनी कापतं हे मला आवडलं.

ठोकेवालीला लिहिलं. सही लगेच आली, पैशांचा शब्द नाही. मला वाटलं आता काहीतरी मोठं मागणार. तिने एवढंच विचारलं की माझा शेवटचा ठोका लिफ्ट सुरू होते त्याच क्षणाला पडतो का. पडतो, म्हणून कळवलं. त्यावर तिने हसरा चेहरा पाठवला. तो मी अजून अधूनमधून बघतो, त्यात काही दडलंय का म्हणून.

तुमची सही तुम्ही द्यालच. राहिला तो गुणगुण्या. दादांच्या ओळखीचे लोक मला माहीत आहेत, सगळे एकापेक्षा एक. हा माझ्या मते नळ दुरुस्त करायला येणारा तो दाढीवाला, नाहीतर दादांकडून पुस्तकं नेऊन न आणणारा तो कारकून. जो असेल त्याला कराराचा वास लागला की तो माझ्या गळ्याशी येणार. आवाजातच ते आहे. नाव आणि पत्ता कळवा, मी भाव करायला तयार होऊन जातो.

कात्रीचं मी ठरवलंय. गॉगलला तिने सांगितलं नसेल, मान्य. पण 'घरचा' हे खोटं तिनेच लिहिलं, आणि आजतागायत चुकले म्हणत नाही. परवा सगळ्यांसमोर म्हटलं, "घरचा असेल तर घरच्याचं नाव सांग." तिने खाली बघितलं आणि बाकीचेही कोणी वर बघेना. म्हणजे सगळे तिला सामील. महिना संपला की तिला निरोप देणार. चांगली मुलगी होती.

धाकटा


६ मार्च

भाऊजी,

माझी सही सोबत आहे. तुमच्या मेलवर एक ध्वनिफीतही पाठवलीय, ती न कापलेली आहे, पंख्यासकट. हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐका. नाहीतर आधी हे पत्र वाचा आणि मग ऐका, तुमच्या तब्येतीला ते बरं.

आमची पहिली जागा आठवते ना, दोन खोल्यांची, जिना घरातूनच जायचा ती. यांनी जुना स्पीकर विकत आणला होता आणि तो घरघरत होता. तुम्ही दुकानातून दुपारी आलात आणि टेबलाखाली शिरलात. फक्त पाय बाहेर. पंखा चालू होता कारण तुम्ही उकडतंय म्हणून कटकट केली होती. यांनी मला खूण केली, गप्प राहा, आणि टेपचं बटण दाबलं.

तोंडात विडी नव्हती. दोन स्क्रू होते.

तुम्ही काम करताना गुणगुणता, भाऊजी. तेव्हाही गुणगुणायचात. पस्तीस सेकंदांनंतर गुणगुण थांबते, टेबलाला डोकं आपटल्याचा आवाज येतो, आणि तुम्ही म्हणता, "दादा, बंद कर ते. टेप फुकट जाते." हे म्हणतात, "जाऊ दे. पुढे कुणाच्या तरी कामी येईल." मग बटण बंद.

मला वाटलं होतं तुम्ही लगेच ओळखाल. पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं थट्टा करताय. मग तुम्ही त्या माणसाचं वर्णन पाठवलंत. ते मी दोनदा मोठ्याने वाचलं. छत्रीचं तुम्हाला कसं सुचलं कुणास ठाऊक. त्या दिवशी निघताना तुम्ही यांची छत्री नेलीत. लांब दांड्याची, काळी. ती परत आलेली नाही.

एक मात्र माझ्याकडून चुकलं. टेप माझी असली तरी गुणगुणणाऱ्यालाही हक्क असतो, आणि तो आवाज जगासमोर ठेवण्याआधी मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तुम्ही हो म्हणाला नसतात. तेव्हा आता तुम्ही खरोखर नाही म्हणू शकता. तुम्ही नाही म्हणालात तर मला तो आवाज उतरवावा लागेल, ठोकेवालीचं कामही अडेल, आणि तुमचा करार तर जाईलच. सगळं त्या लबाड माणसाच्या सहीवर आलंय. भाव करायला तयार होऊन जाणार होतात ना, करा.

आणि मुलीला निरोप द्यायच्या आधी, तिने 'घरचा' असं का लिहिलं ते तिला नीट विचारा. धमकी न देता.

वहिनी


११ मार्च

वहिनी,

सही केली. वाचून केली.

डोकं आपटल्याचा आवाज आठ-दहा वेळा ऐकला. दादांचं ते वाक्य एकदाच ऐकलं, पुन्हा लावायला बोट गेलं नाही. छत्री सापडली, आमच्या स्टुडिओच्या जिन्याखाली. पुढच्या महिन्यात स्वतः घेऊन येतो. उरलेली खोकी कुठे ठेवली आहेत ते दाखवा, साफ करायला माझ्याकडे यंत्रं बरी आहेत. काढलेलं सगळं तुमच्याच अटीवर ठेवू. कडी नको.

फिल्मच्या शेवटी नावं टाकली आहेत. टेप दादांची, सफाई तुमची, ठोके ठोकेवालीचे. माझ्या नावापुढे काय लिहायचं यावर स्टुडिओत वाद झाला. शेवटी कात्रीने 'गुणगुण' एवढंच लिहिलं आणि मी ते तसंच ठेवलं.

तिला विचारलं, न ओरडता. हमीपत्रावरून मी चिडतोय कशाला हेच तिला कळेना. इंटरनेटवर असाच एक गुणगुणता आवाज शोधत होती, त्यात हा लागला आणि तिने लगेच ओळखला. वर नाव 'जिन्याखाली', आणि आमचं जुनं सामान तर जिन्याखालीच असतं. ती धरून चालली की साहेबांनीच गुपचूप टाकलाय आणि लाजतायत. मग मी आरडाओरड केली तेव्हा तिला वाटलं, साहेबांचा यात काहीतरी डाव असणार, आपण तोंड उघडू नये. बाकीच्यांनाही तसंच वाटलं. दारावरची पाटी मी काढली. ती माझ्याशिवाय कुणालाच लागू नव्हती म्हणे.

आणि पहिल्या दिवशी कात्रीने तो आवाज मोठ्याने लावला, तेव्हा बाहेर पायरीवर बसलेल्या झाडूवाल्या मावशींनी चहाचा कप बादलीमागे लपवला होता, साहेब आले म्हणून.

धाकटा